एकाच ठिकाणाला इतकी नावं का, आणि त्यांतलं खरं कोणतं?

प्रश्न असा आला आहे: जर्मन लोक स्वतःच्या देशाला 'डॉइचलांड' म्हणतात, फ्रेंच 'आलमान्य', फिनिश 'साक्सा', पोलिश 'न्येम्त्सी' आणि आपण 'जर्मनी'. यांतलं मूळ नाव कोणतं आणि बाकीचे त्याचे अपभ्रंश कसे झाले?

सरळ उत्तर आधी देतो. ही पाच नावं एकमेकांपासून निघालेलीच नाहीत. 'डॉइच'च्या मुळाशी 'लोक' या अर्थाचा जुना जर्मानिक शब्द आहे. लॅटिन ही विद्वानांची भाषा आणि ही लोकांची, असा तो भेद होता. ऱ्हाइन नदीच्या वरच्या अंगाला आलेमानी नावाच्या टोळ्या राहत. फ्रेंचांच्या पूर्वजांना शेजारी म्हणून त्याच भेटल्या, म्हणून 'आलमान्य'. फिनिश लोकांची गाठ पडली ती सॅक्सनांशी, म्हणून 'साक्सा'. स्लाव्ह लोकांना शेजाऱ्याची भाषा कळेना, तेव्हा त्यांनी त्याला 'मुका' या अर्थाच्या शब्दाने ओळखलं. पोलिश 'न्येम्त्सी' आणि चेक 'न्येमेत्स्को' त्यातून आले. 'जर्मनी' हे रोमन लेखकांच्या 'गेर्मानिया'चं रूप. इटालियन भाषेत तर देश 'जेर्मानिया' आणि तिथला माणूस 'तेदेस्को', म्हणजे 'डॉइच'चाच सख्खा भाऊ. जो ज्या दाराने आत आला त्याला जो माणूस पहिल्यांदा दिसला, त्याचंच नाव त्याने अख्ख्या घराला दिलं.

नकाशे आणि कोशांसाठी स्थळनामं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात सर्वाधिक नुकसान कोणी केलं असेल तर 'अमुक हा तमुकचा अपभ्रंश' या वाक्याने. ते लिहिलं की शोध संपल्यासारखा वाटतो. खरं तर विचारायचं सगळं त्यानंतरच असतं. हे नाव कोणी ऐकलं? कोणत्या शतकात? ऐकणाऱ्याच्या भाषेत कोणते उच्चार होते आणि कोणते नव्हते? त्याने ते स्थानिक माणसाच्या तोंडून ऐकलं की मधल्या तिसऱ्याकडून? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की वेडंवाकडं वाटणारं नावही सरळ उलगडतं.

आधी नाव निघतं कसं ते पाहू. राजा, देव, लढाई, शाप असं काहीतरी मुळाशी असेल अशी लोकांची अपेक्षा असते. काही नावांच्या मुळाशी ते असतंही. पण जुनी नावं बहुधा अगदी साधी वर्णनं असतात. इंग्लंडमध्ये 'एव्हन' नावाच्या अनेक नद्या आहेत, कारण ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच नदी. वेल्श भाषेत तो आजही त्याच अर्थाने वापरतात. 'सहारा' हा अरबीतला वाळवंटासाठीचा शब्द. 'चाड' म्हणजे कानुरी भाषेत मोठा जलाशय, म्हणून 'चाड सरोवर' म्हणताना आपण सरोवर दोनदा म्हणतो. 'तिमोर' हे मलयमधल्या 'पूर्व' या शब्दापासून आलेलं बेट, आणि त्याच्या पूर्व भागातल्या देशाचं नाव 'तिमोर-लेस्ते'. त्यातलं 'लेस्ते' पोर्तुगीज, अर्थ पुन्हा पूर्वच.

हे असं होण्याचं कारण सोपं आहे. नदीकाठच्या माणसाला 'नदी' एवढं पुरतं. दुसऱ्या नदीशी गल्लत होण्याचा प्रश्न असतो तो बाहेरून आलेल्याला, कारण त्याला वहीत काहीतरी लिहायचं असतं. तो बोट दाखवून विचारतो, स्थानिक माणूस 'नदी' म्हणतो, आणि वहीत ते विशेषनाम म्हणून उतरतं. याचा लिखित पुरावा मिळणारं मोठं उदाहरण म्हणजे कॅनडा. १५३५ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए सेंट लॉरेन्स नदीतून आत गेला तेव्हा तिथल्या इरोक्वॉय भाषा बोलणाऱ्यांनी 'कनाता' हा शब्द वापरला. त्याचा अर्थ गाव, वस्ती. त्यांना स्टॅडकोना हे गाव दाखवायचं होतं, कार्तिएने तो शब्द सगळ्या मुलखाला लावला. त्या लोकांच्या भाषेत 'कॅनडा' म्हणजे गाव, अशी नोंद खुद्द त्याच्याच लिखाणात आहे. तरीही स्पॅनिश खलाशी 'आका नादा', म्हणजे 'इथे काही नाही', असं म्हणत परतले आणि त्यातून कॅनडा झालं, ही गोष्ट अजून सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे, पण समकालीन नोंद हातात असताना ती धरायचं कारण नाही.

वर्णनाइतकाच दुसरा मोठा साचा म्हणजे 'नवं शहर'. ग्रीक 'नेआपोलिस' म्हणजे नवं शहर. त्याचं इटलीत 'नापोली' झालं. रोमनांनी इ. स. ७२ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये वसवलेल्या दुसऱ्या नेआपोलिसचं अरबीत 'नाब्लुस' झालं, कारण अरबीत 'प' नाही, त्याची जागा 'ब' घेतो. रशियातलं नोव्हगोरोड हजार वर्षांहून जुनं आहे, अर्थ मात्र 'नवं नगर'. कार्थेज हे फिनिशियन 'कार्त हदश्त', अर्थ तोच. स्पेनमधल्या कार्थेजकरांच्या शहराला रोमन लोक 'कार्थागो नोव्हा' म्हणू लागले. पहिल्या शब्दात 'नवं' आहे हे त्या नावातून दिसेनासं झालं होतं, म्हणून ते 'नवं नवं शहर' बनलं. आजचं कार्ताहेना ते हेच. पुढे त्याच्याच नावाने कोलंबियात समुद्रकाठी आणखी एक कार्ताहेना उभं राहिलं. अर्थ विसरला जातो, नाव राहतं, आणि अर्थ विसरला गेला की त्याला नवा अर्थ जोडायला जागा मोकळी होते.

ही जागा कशी भरली जाते ते यॉर्कइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. रोमनांनी तिथे ठाणं उभारलं तेव्हा नाव होतं 'एबोराकुम'. त्याच्यामागे ब्रिटनच्या केल्टिक भाषेतलं 'एबुराकोन' होतं. यू नावाच्या सूचिपर्णी झाडांची जागा, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना 'एबोर' या आवाजाचा अर्थ लागेना, पण त्यांच्या भाषेत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर हा शब्द तयार होता. त्यांनी नाव केलं 'एओफोरविक', रानडुकरांची वस्ती. झाडांचा डुक्कर झाला, आणि तो अडाणीपणाने नव्हे. ऐकलेल्या निरर्थक आवाजाला आपल्या भाषेतला जवळचा शब्द लावणं ही कानाची नेहमीची रीत आहे. ८६६ मध्ये डेनिश व्हायकिंगांनी शहर घेतलं. त्यांच्या तोंडी 'एओफोर'चं 'योर' झालं आणि 'विक'च्या जागी त्यांच्या ओळखीचा 'व्हीक' आला, ज्याचा त्यांच्या भाषेतला अर्थ खाडी. शहर समुद्रापासून बरंच आत, नाव मात्र 'योरव्हीक'. ते आखडत आखडत 'यॉर्क' झालं. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांचं न्यू ॲमस्टरडॅम घेतलं आणि ड्यूक ऑफ यॉर्कच्या नावावरून त्याला न्यू यॉर्क म्हटलं. आता पोर्तुगीज 'नोव्हा इओर्क' लिहितात, स्पॅनिश 'नुएव्हा यॉर्क'; दोघांनीही 'न्यू'चं भाषांतर केलं आणि 'यॉर्क' तसंच ठेवलं. का? कारण 'न्यू'चा अर्थ कळतो, 'यॉर्क'चा कळत नाही. नावाचा जो तुकडा कळतो त्याचं भाषांतर होतं, जो कळत नाही त्याचा नुसता उच्चार पुढे जातो.

उच्चार पुढे जातो तेव्हा तो मन मानेल तसा बदलत नाही. मराठी वाचकाला हे सांगायला सर्वात जवळचं उदाहरण 'सिंधू'चं. संस्कृतातल्या 'स'च्या जागी जुन्या इराणी भाषांत 'ह' येतो. सप्ताह आणि हप्ता हे शब्द शेजारी ठेवा. 'हप्ता' फारसीतून आला, त्याच्या मुळाशी सातच आहे, फक्त 'सप्त'चं 'हफ्त' झालेलं. त्याच नियमाने 'सिंधू'चं 'हिंदु' झालं, आणि इराणी सम्राट दारयवहुश (डरायस) याच्या शिलालेखांत सिंधूकडचा प्रांत 'हिंदुश' म्हणून येतो. इराण्यांकडून ते नाव आयोनियन ग्रीकांनी ऐकलं. त्यांच्या बोलीत शब्दाच्या आरंभीचा 'ह' गळून पडत असे, उरलं 'इंदोस'. तिथून लॅटिन 'इंडिया'. तीन भाषा, दोन नियम, आणि एका नदीचं नाव उपखंडाचं नाव झालं. यात कोणाचीही जीभ चुकलेली नाही. उलट 'हप्ता' आणि 'हिंदु' यांत एकच बदल दिसतो म्हणूनच आपल्याला ही व्युत्पत्ती खात्रीने सांगता येते. एखाद्या नावापुरता एकदाच लागू होणारा 'नियम' कोणी सांगू लागलं की मी सावध होतो.

जर्मनीतलं कोल्न घ्या. इ. स. ५० मध्ये सम्राट क्लॉडियसने त्याला 'कोलोनिया' म्हणजे रोमन वसाहतीचा दर्जा दिला, आपली पत्नी अग्रिपिना हिच्या जन्मगावाचा मान म्हणून. पूर्ण नाव लांबलचक: कोलोनिया क्लॉडिया आरा अग्रिपिनेन्सियम. लोकांनी त्यातला पहिला शब्द ठेवला. जर्मन बोलींत आघात पहिल्या अक्षरावर येतो, त्यामुळे मागचे स्वर झिजत गेले. जाताजाता 'नि'मधल्या 'इ'ने पहिल्या 'ओ'चा उच्चार पुढे ओढला, आणि आज जर्मन माणूस ओठ गोल करून जो 'कॉल्न'-'केल्न'च्या मधला आवाज काढतो तो तयार झाला. फ्रेंचांनी 'निया'चा 'न्य' केला, 'कोलोन्य'. इंग्रजांनी फ्रेंचांचं लेखन उचललं आणि ते आपल्या पद्धतीने वाचलं. मराठीत 'युडीकोलन' हा शब्द आला तो याच फ्रेंच-इंग्रजी वाटेने. डच लोक 'क्योलन'सारखा उच्चार करतात, पोलिश 'कोलोन्या' आणि स्पॅनिश 'कोलोनिया' लॅटिनच्या अजून जवळ आहेत. म्हणजे मूळ लॅटिन रूप सर्वाधिक बदललं ते खुद्द त्या गावातच. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्थानिक उच्चार हाच सर्वात जुना असणार, असं आपण गृहीत धरतो. पण गावातलं नाव रोज बोललं जातं, म्हणून ते झपाट्याने झिजतं. दूरच्या भाषेने ते एकदा उचललं की कधीकधी तिथे ते जुन्या रूपातच थांबून राहतं.

पेकिंग आणि बीजिंग यांचा घोळही असाच. १९७९ मध्ये चीनने परदेशी व्यवहारात फीनयीन ही रोमन लेखनपद्धत लागू केली आणि जगभर 'बीजिंग' दिसू लागलं. शहराचं नाव बदललं असा अनेकांचा समज झाला. नाव तेव्हा बदललंच नाही. चिनी अक्षरं तीच राहिली, अर्थही तोच, उत्तरेची राजधानी. युरोपियनांनी हे नाव प्रथम लिहिलं त्या काळात दुसऱ्या अक्षरात 'क' ऐकू येत होता. उत्तरेकडच्या चिनीत 'इ'च्या आधीचा तो 'क' पुढे 'च'-'ज'कडे सरकला, दक्षिणेकडच्या काही बोलींत तो अजून टिकून आहे. 'पेकिंग' ही जुन्या उच्चाराची खूण आहे, आणि जपानी अजून 'पेकिन'च म्हणतात. इथे मराठीपुरती एक गोष्ट सांगायला हवी. फीनयीनमधला रोमन 'बी' हा मराठीतला 'ब' नव्हे. चिनीतला तो उच्चार घोष नसलेला, आपल्या 'प'च्या जवळचा आहे. म्हणून काही हिंदी लेखनात 'पेइचिंग' दिसतं, आणि ते कानाला अधिक खरं आहे. आपण 'बीजिंग' लिहितो ते चिनी ऐकून नव्हे, इंग्रजी अक्षरं वाचून.

आता भाषांतर. माँटेनेग्रोचे लोक आपल्या देशाला 'त्स्र्ना गोरा' म्हणतात, काळा डोंगर. 'माँटेनेग्रो' हे व्हेनिसकडच्या इटालियनमधलं भाषांतर. तुर्की 'कारादा', ग्रीक 'मावरोवूनिओ', अल्बेनियन 'माली इ झी', चिनी 'हेइशान', सगळ्यांचा अर्थ तोच. आवाज एकाचाही जुळत नाही, तरी ही नावं एकाच घराण्यातली आहेत. चिनी लिपीत नुसता उच्चार उतरवणं अवघड असल्यामुळे तिथे अशी भाषांतरं सहज होतात. ऑक्सफर्ड तिथे 'न्यूचिन' आहे, बैलाचा उतार (नदी पायी ओलांडण्याची जागा), आणि इंग्रजी नावाचा अर्थही नेमका तोच. याउलट आयव्हरी कोस्टच्या सरकारने १९८०च्या दशकात जगाला कळवलं की आमच्या नावाचं भाषांतर नको, सर्व भाषांत 'कोत दिव्हॉर'च लिहा. कारण समजण्यासारखं आहे. प्रत्येक भाषेत नाव वेगळं असेल तर बैठकीत वर्णानुक्रमे बसायची जागासुद्धा बदलते.

इस्तंबूलविषयीही नेहमी विचारतात. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून इस्तंबूल हे नाव दिलं, असं सर्रास लिहिलं जातं. वस्तुतः त्या शहराला ग्रीक माणसं नुसतं 'पोलिस' म्हणजे 'शहर' म्हणत, आणि 'शहरात, शहराकडे' यासाठीचे ग्रीक शब्द होते 'इस तीन पोलिन'. पटकन म्हणून पाहा. त्यातून 'इस्तंबूल' निघालं, म्हणजे तुर्की वाटणारं नाव मुळात ग्रीक. शिवाय उस्मानी दरबार जिंकल्यानंतरही कित्येक शतकं नाण्यांवर आणि दस्तऐवजांत 'कोस्तन्तिनिये' लिहीत होता. परदेशी पत्रव्यवहारात इस्तंबूलच वापरा असा आग्रह तुर्कस्तानने धरला तो १९३० मध्ये.

कागदावरचं नाव आणि बोलण्यातलं नाव यांच्यात दरी पडते ती मुख्यतः सरकारी मोजणीच्या वेळी. आयर्लंडमध्ये १८२४ पासून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी मोजणी खात्याने मोठ्या प्रमाणाचे नकाशे करायला घेतले, आणि हजारो आयरिश नावांना इंग्रजी लेखन देण्याची वेळ आली. जॉन ओ'डोनोव्हन हा स्वतः आयरिश जाणणारा विद्वान त्या कामावर होता. तो जिल्ह्याजिल्ह्यात फिरला, लोकांना विचारलं, जुनी हस्तलिखितं ताडून पाहिली. तरी अखेर नकाशावर उतरलं ते 'बाल्ये' म्हणजे गावाचं 'बॅली'. ते इंग्रजी वाचणाऱ्याला उच्चारता येतं, पण आयरिश अर्थ त्यातून दिसत नाही. या कामाबद्दल माझं मत दुहेरी आहे. त्याने नावं परकी करून टाकली हे खरं, आणि त्याच कामाच्या नोंदवह्यांत नावांची मूळ आयरिश रूपं जपली गेली हेही खरं. खुद्द राजधानीचं 'डब्लिन' हे आयरिश 'दुव लिन्य', काळा डोह, यावरून आलं आहे. आयरिश भाषेत मात्र आज त्या शहराला 'बाल्ये आहा क्लिया' म्हणतात, कुडाच्या ताट्या टाकून केलेल्या उताराचं गाव. दोन्ही नावं आयरिशच. मूळ एकच असायला हवं हा हट्ट इथे टिकत नाही.

नावांचा हा गोंधळ आवरायला अमेरिकेने १८९० मध्ये भौगोलिक नावांचं मंडळ नेमलं, आणि संयुक्त राष्ट्रांची या विषयावरची पहिली परिषद १९६७ मध्ये जिनिव्हात झाली. त्या वर्तुळात स्थानिक लोकांच्या नावाला 'एंडोनिम' आणि बाहेरच्या भाषेतल्या वेगळ्या नावाला 'एक्झोनिम' म्हणतात. बाहेरची नावं कमी करत न्यावीत, निदान नवी घडवू नयेत, असा त्या परिषदांच्या शिफारशींचा रोख आहे. नवी घडवू नयेत हे मला पूर्ण मान्य आहे. आहेत ती पुसावीत, हे नाही. इजिप्तला अरबीत 'मिस्र' म्हणतात आणि आपण ग्रीकांमार्फत आलेलं नाव वापरतो, यात इजिप्तचा अपमान नाही. त्या नावात मेम्फिसच्या प्ताह देवाच्या मंदिराचं जुनं नाव दडलेलं आहे, ते अरबी नावात नाही. पण जिथे बाहेरचं नाव लादलेलं असतं तिथे गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या लाल खडकाला तिथले अनांगु लोक 'उलुरू' म्हणतात. १८७३ मध्ये एका सर्वेक्षकाने त्याला एका अधिकाऱ्याचं नाव देऊन 'एअर्स रॉक' केलं. १९९३ मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असं जोडनाव अधिकृत झालं आणि २००२ मध्ये क्रम उलटा करून 'उलुरू / एअर्स रॉक'. तिथे मी 'उलुरू' लिहितो, दुसऱ्या नावाची नोंद एकदा करतो.

मग लिहिताना कोणतं नाव घ्यावं? मराठीत रुळलेलं रूप असेल तर तेच: पॅरिस, मॉस्को, व्हेनिस. 'पारी' आणि 'मस्कवा' लिहून वाचकाला अडवण्यात काही हशील नाही. ऐतिहासिक मजकुरात त्या काळचं नाव, आणि पहिल्या उल्लेखाला आजचं. वाद असेल तिथे दोन्ही. मात्र जे ठिकाण मराठीत अजून आलेलंच नाही, त्यासाठी इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधू नका. पोलंडमधलं एक मोठं शहर मी मराठी मजकुरात 'लॉड्झ', 'लोड्ज', 'लोद्झ' अशा नाना रूपांत पाहिलं आहे. पोलिश माणूस त्याला 'वुच' म्हणतो, कारण पहिलं अक्षर तिरकी रेघ मारलेला 'एल' आहे आणि त्याचा उच्चार 'व'. देवनागरीत ते दोन अक्षरांत बिनचूक उतरतं. स्थानिक माणसाने केलेल्या उच्चाराचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळालं तर आधी ते ऐका, मग त्या भाषेचे लेखननियम पाहा, आणि इंग्रजी नकाशा अगदी शेवटी उघडा.